साठीनंतर गिटार खुंटीला टांगायची का?

तुटकी_तार
काल 'मागची_रांग' यांनी लिहिलं की साठी उलटलेल्या रॉकवाल्यांनी स्टेजवर चढणं म्हणजे स्वतःच्याच तरुणपणाची विटंबना. तिथेच दोन ओळी खरडणार होतो, पण डोकं तापलं म्हणून हा वेगळा धागा.

ब्लूजचा गिटारवाला बी. बी. किंग 89व्या वर्षी खुर्चीत बसून वाजवत होता. त्याला कुणी 'आजोबा, घरी जा' म्हटलं? नाही. ब्लूज म्हणे म्हातारपणी मुरतो आणि रॉक मात्र नासतो! अहो, 1962 साली रोलिंग स्टोन्स हा रॉक बँड सुरू झाला तोच मुळी असल्या म्हाताऱ्यांची गाणी वाजवत. 2019च्या एप्रिलमध्ये त्यांचा गायक मिक जॅगरच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झालं, जूनमध्ये हा पंचाहत्तरीचा माणूस शिकागोच्या स्टेजवर धावत होता. मी 51चा आहे, दुसऱ्या मजल्यावर धापा टाकत पोचतो.

मागची_रांग
किंगला कुणी काही म्हटलं नाही? 2014 साली सेंट लुईसच्या कार्यक्रमात तो वाजवताना भरकटत गेला तेव्हा लोक हॉलमध्ये ओरडत होते. मधुमेहाच्या औषधाचा डोस चुकला होता आणि नंतर त्याच्या माणसांनी माफी मागितली. अर्धवट माहितीवर धागे काढू नयेत.

आणि माझा राग वयावर नाहीच, खोटेपणावर आहे. मॉटली क्रू या रॉक बँडने 2014 मध्ये 'पुन्हा दौरा करणार नाही' असा रीतसर करार सह्यांनिशी केला, 31 डिसेंबर 2015ला शेवटचा कार्यक्रम केला आणि 2022 मध्ये परत स्टेडियममध्ये हजर! मी स्वतः एका बँडच्या (नाव घेत नाही) निरोपाच्या कार्यक्रमात ढसाढसा रडलोय. तीन वर्षांनी तेच लोक परत आले. माझं रडणं कोण परत देणार? वर गायकाने पाणी प्यायला माईक खाली घेतला तरी त्याचा आवाज चालूच.

खर्ज
आधी रेकॉर्ड केलेला आवाज म्हणजे ट्रॅक लावणं चूकच. पण त्याआधीचं पाप कुणी बोलत नाही, ते म्हणजे पट्टी उतरवणं. गळा चढत नाही म्हणून अख्खा बँड अर्धा सूर खाली, मग एक सूर. तारा सैल पडतात, रिफचा, म्हणजे गिटारच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्याचा, चावा जातो. वरची पट्टी झेपत नसेल तर ते गाणं गाऊ नका.

तुटकी_तार
@खर्ज, ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारवाला टोनी आयोमी, त्याचं नाव ऐकलंय ना? 17व्या वर्षी कारखान्यात दोन बोटांची टोकं गेली. तारा दाबायला सोपं जावं म्हणून त्याने 1971च्या अल्बममध्ये गिटार दीड सूर खाली आणली तेव्हा तिशीसुद्धा गाठली नव्हती. अख्खं हेवी मेटल त्या सैल तारांवर उभं आहे. तेही पाप?

खर्ज
ते गाणी रचतानाच खाली होतं. रचलेलं गाणं नंतर उतरवणं वेगळं. एवढा फरक कळत नसेल तर वाद घालण्यात अर्थ नाही.

तुटकी_तार
कळतो. तुम्ही शब्द फिरवताय हेही कळतं.

खर्ज
व्यक्तिगत होऊ नका. मी 22 वर्षं बेस वाजवतोय.

मागची_रांग
धागा वयाबद्दल आहे मालक, तारांबद्दल नाही.

डावी_काठी
एरवी वाचनमात्र असते. माझा मोठा भाऊ ड्रमर. मनगटांचे सांधे गेलेत, काठी निसटते म्हणून टेनिसच्या रॅकेटला लावतात ती टेप गुंडाळतो. दर कार्यक्रमाआधी अर्धा तास गरम पाण्यात हात बुडवून बसतो. 'आता पुरे' असं सांगायला मागच्या वर्षी मीच गेले होते. तो काही बोलला नाही, नुसती टेप गुंडाळत राहिला. मी न सांगताच परत आले.

जेनेसिस बँडचा ड्रमर-गायक फिल कॉलिन्सला काठी धरता येईना, तर 2022च्या मार्चमध्ये लंडनला जेनेसिसच्या शेवटच्या कार्यक्रमात तो खुर्चीत बसून गायला आणि मागे ड्रम्सवर त्याचा मुलगा होता. ब्लॅक सॅबथचा गायक ऑझी ऑस्बोर्न 5 जुलै 2025ला बर्मिंगहॅममध्ये सिंहासनावर बसून गायला आणि 22 जुलैला गेला. कुठे थांबायचं हे मागच्या रांगेतून ठरवता येतं असं मला तरी वाटत नाही.

मागची_रांग
भावाबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण भावनेवर वाद जिंकता येत नाही. तुमचा भाऊ 'हा शेवटचा' म्हणत तिकिटं विकत नाही, हा फरक आहे.

डावी_काठी
त्याचं तिकीट विकत घेतंय कोण! फुकटात वाजवतो.

मागची_रांग
बरं. भावाला सूट. कॉलिन्स, ऑझी, दोघांनाही सूट. किंगलाही, सेंट लुईस वगळून. आणखी कुणाकुणाला द्यायची ते एकदाच कळवा, यादी करून ठेवतो. करार मोडणाऱ्यांना मात्र नाही.

तुटकी_तार
म्हणजे साठीची अट गेली. तुम्हीच काढलीत. चालू द्या.

खर्ज
दीड सुराच्या मुद्द्याला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.