प्रॅचेट: सुरुवात कुठून?

टेरी प्रॅचेट या इंग्रज विनोदी लेखकाची ‘डिस्कवर्ल्ड’ ही कल्पनारम्य मालिका कुठून वाचायला घ्यावी? पहिल्या पुस्तकापासूनच सुरुवात करा, असं कुणी कुणी म्हणतं. मी तरी नव्या वाचकाला तसं सांगणार नाही. ‘द कलर ऑफ मॅजिक’ (१९८३) हे पहिलं पुस्तक गमतीदार आहे, पण टेरी प्रॅचेटचा सूर त्यात अजून लागायचाय. डिस्कवर्ल्डच्या ४१ कादंबऱ्या, क्रमाची सक्ती नाही. सरळ ‘गार्ड्स! गार्ड्स!’ (१९८९) उचला. अँख-मॉरपॉर्क या तिथल्या शहराची रात्रपाळीची गस्त आणि तिचा प्रमुख कॅप्टन व्हाइम्स या पुस्तकात पहिल्यांदा भेटतात. (शहरातली नदी इतकी घट्ट की वरून चालत जावं. मिठी नदीकाठच्या आपल्याला यात काही कल्पनारम्य वाटत नाही!)

मग ‘मेन अ‍ॅट आर्म्स’. त्यातला बुटांचा हिशेब मला दर जूनमध्ये दादरला पावसाळी चपला घेताना आठवतो. चांगले बूट ५० डॉलरचे, दहा वर्षं टिकणारे. गरिबाला दहाचेच परवडतात, ते एखाद-दोन मोसमांत फाटतात. दहा वर्षांत त्याचे शंभर जातात, वर पाय ओलेच. ड्रॅगन-जादूगारांच्या दुनियेत इतकं रोखठोक अर्थशास्त्र दुसऱ्या कुणी लिहिलेलं माझ्या तरी वाचनात नाही.

पहिल्या पुस्तकाचा नायक, पळपुटा जादूगार रिन्सविंड, याचे चाहते चिडतील. चिडोत बापडे.