मकाई गेटच्या पुलाखाली रविवारी कोण कोण येतंय? आणि सी विंगमागचा पाइप

ए-२०१ ताई:
नमस्कार मंडळी 🙏 मेसेज मोठा आहे पण प्लीज पूर्ण वाचा, फॉरवर्ड नाहीये, मीच टाइप केलंय. मागच्या रविवारी मी आणि आमचा धाकटा आपल्या संभाजीनगरात खाम नदीवरच्या मकाई गेटच्या पुलाखाली साफसफाईला गेलो होतो, पंधरा-वीस जण असतील, बहुतेक कॉलेजची पोरं. दोन तासांत एका कमानीखालून किती निघालं ते फोटोत बघा, गोधड्या, थर्माकोल, गणपतीच्या तुटक्या मूर्ती, आणि कॅरीबॅगला घट्ट गाठ मारून फेकलेलं निर्माल्य तर विचारूच नका. मी एकेक गाठ सोडत बसले होते, आत फुलांचा नुसता काळा चिखल झालेला आणि त्यात नारळ मात्र जसाच्या तसा. पुलावरून जाताना हात जोडून टाकलेल्या पिशव्या आहेत या, हे बघून फार वाईट वाटलं. या रविवारी परत जायचंय, सकाळी साडेसहाला आपल्या गेटवर जमायचं, सोसायटीतून दहा जण तरी हवेत.

सी-१०३ काका:
काम चांगलंय ताई, पण एक विचारतो, राग मानू नका. आम्ही तर खामला नालाच म्हणतो इतकी वर्षं. पावसाळा आला की परत सगळं वाहून येणार, मग उपसून उपयोग काय

ए-२०१ ताई:
काका राग कसला, मलाही लग्न होऊन इथे आले तेव्हा नालाच वाटायचा. पण नदी आहे हो ती, जटवाड्याच्या डोंगरातून येते, हर्सूल तलावातून पुढे बेगमपुरा, पाणचक्की, छावणी करत वाळूजकडून खाली जाते. मलिक अंबरने १६१० ला खडकी गाव, म्हणजे आपलं हे शहर, वसवलं ते या खामच्या काठी, आणि त्याने डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरींनी गावात आणलं. पाणचक्की, ती पण खामच्या काठावरच उभी आहे ना, तिथे पाहुणे आले की आपण कौतुकाने नेतो, हौद दाखवतो, आणि बाहेर पडताना नदीकडे बघून नाकाला रुमाल लावतो. आणि उपयोगाचं म्हणाल तर लोखंडी पुलाजवळ जाऊन या एकदा. महापालिका, छावणी परिषद, पर्यावरणाचं काम करणारी इकोसत्त्व संस्था, व्हेरॉक कंपनी आणि साधे लोक मिळून काही वर्षांपासून करतायत, कचरा काढला, काठ नीट केले, झाडं लावली, तिथे आता माणसं सकाळी फिरायला येतात. २०२४ ला वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटच्या जागतिक पुरस्काराच्या अंतिम फेरीत आपली खाम होती. तिथे जमलं तर इथे का नाही जमणार

बी-३०४ आण्णा:
मी शाळेत असताना आम्ही या पुलावरून सायकलने जायचो. खाली वाळू दिसायची. हर्सूल तलाव भरून वाहू लागला अशी बातमी आली की अख्खं घर पूर बघायला पुलावर, आई पोळ्या बांधून घ्यायची. आता गुडघे साथ देत नाहीत नाहीतर मी आलो असतो. चहा आणि बिस्किटं माझ्याकडून, थर्मास भरून ठेवतो.

ए-१०१ वहिनी:
आण्णा 🙏 ताई मकाई म्हणजे काय हो, आमची चिऊ म्हणते तिथे मका विकायचे म्हणून

ए-२०१ ताई:
नाही गं, मक्केच्या दिशेला तोंड आहे त्या दरवाजाचं, म्हणून मकाई. औरंगजेबाने १६८२ च्या सुमाराला शहराभोवती तट बांधला त्यातला हा दरवाजा, त्याला लागूनच हा दगडी पूल. चिऊला घेऊन ये, जवळून बघू दे, रोज रिक्षातून जाताना दिसत नाही तो नीट.

सी-४०२ दादा:
ताई मी येतो, माझी बायको पण येईल. पण पुलाबद्दल एक कळकळीची विनंती, मी बांधकामात आहे म्हणून सांगतो. तुमच्या तिसऱ्या फोटोत कमानीच्या सांध्यात पिंपळ दिसतोय, मनगटाएवढं खोड झालंय त्याचं. तो कोणीही ओढून काढू नका!! पोरं जोशात असतात, दोरी बांधून खेचतात. त्याची मुळं दगडांच्या मागे चुन्यात शिरलेली असतात, खेचलं की मुळांबरोबर दगडच सैल होऊन येतो, आणि कमानीतला एक दगड हलला की शेजारच्यांवरचा भार बदलतो. फक्त फांद्या छाटायच्या, तेही विचारून, मुळाचं काम जाणकार माणसानेच करायचं. आणि दुसरं म्हणजे भेगेत सिमेंट भरायचं नाही कुणी, प्रेमाने पण नाही. जुनं काम चुन्यातलं आहे, चुना थोडा श्वास घेतो, ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडून धरतं आणि मग दगडाचेच पापुद्रे निघायला लागतात. पुलाला हात लावायची परवानगी नसेल तर आपण फक्त खालचा कचरा काढू, तेवढं काम सुद्धा भरपूर आहे.

ए-२०१ ताई:
दादा बरं झालं सांगितलंत, कारण गेल्या वेळी एक जण खरंच दोर घेऊन आला होता, मी ग्रुपला कळवते लगेच. आता दुसरी गोष्ट, आणि ही बोलायला मला जड जातंय पण बोलल्याशिवाय मी रविवारी ग्लोव्हज घालू शकत नाही. नदीवरून घरी आले तेव्हा वास डोक्यातून जाईना, म्हणून संध्याकाळी सी विंगच्या मागे जाऊन बघितलं. कंपाउंडच्या भिंतीखालून एक काळा पाइप मागच्या ओढ्यात जातो, तो पावसाच्या पाण्याचा आहे असं आपण सगळेच धरून चाललोय. पाऊस नव्हता आणि पाइप वाहत होता. रंगपंचमीचा उरलेला गुलाबी रंग होता घरी, सी-१०३ च्या काकूंना विचारून त्यांच्या टॉयलेटमध्ये ओतला आणि फ्लश केलं, धाकटा खाली भिंतीपलीकडे उभा होता. वीस मिनिटांत त्याचा फोन, आई गुलाबी आलं. व्हिडिओ टाकते आहे. तो ओढा कुठे जातो ते सगळ्यांना माहितीये, सरळ खामला. आणि खाम जाते गोदावरीत, नाथसागरात, जिथून जायकवाडीचं पाणी आपल्या नळाला येतं, ज्याची आपण दिवसेंदिवस वाट बघतो आणि आलं की बादल्या घेऊन धावतो. रविवारी पुलाखाली आपण निर्माल्य काढणार आणि त्याच वेळी आपल्याच सोसायटीचं मैलापाणी वरून येत असणार. मला हे सहन होत नाहीये.

सी-१०३ काका:
आमच्या हिने मला काहीच सांगितलं नव्हतं. व्हिडिओ दोनदा बघितला.

सेक्रेटरी:
ताई, आधी कमिटीला कळवायला हवं होतं, ग्रुपवर बाहेरचे भाडेकरू पण आहेत. पण विषय खरा आहे. सेप्टिक टँक भरला की वरचं पाणी त्या पाइपने जातं, बांधकामाच्या वेळेचीच सोय आहे ती. मेन ड्रेनेज लाइन रस्त्याच्या पलीकडून गेलीये, तिला जोडायला रोड क्रॉसिंग येतं, खर्च आहे, म्हणून दोन वार्षिक सभांना विषय पुढे ढकलला. मीच ढकलला, नाही म्हणत नाही.

सी-४०२ दादा:
लाइनला जोडलं तर पाणी कांचनवाडीच्या मैलापाणी शुद्ध करायच्या प्लांटला जाईल, १६१ एमएलडीचा (रोज १६१ दशलक्ष लिटर) आहे तो. खर्च सिंकिंग फंडातून (सोसायटीचा राखीव निधी) होईल, उरलेला फ्लॅटमागे वाटून घेऊ. जोडणी होईपर्यंत टँक वेळेवर उपसायचा, टँक भरायच्या आधी गाडी बोलवायची, पाइप तोंडापाशी बंद करायचा.

ए-३०२:
पाइप बंद केला आणि टँक भरला तर तळमजल्यावर आमच्या बाथरूममध्ये उलटं येईल त्याचं काय?? नदी सगळ्यांची आणि घाण आमच्या घरात असं नको. (सासूबाई ए-००१ ला असतात म्हणून बोलतेय)

ए-२०१ ताई:
अगदी बरोबर बोललात, म्हणून आधी टँक पूर्ण उपसून मगच पाइप बंद करायचा, आणि गाडीची तारीख कॅलेंडरवर लिहून नोटीस बोर्डला लावायची. तुमच्या सासूबाईंकडे मी स्वतः रोज विचारून जाईन. आणि निर्माल्यासाठी गेटजवळ एक ड्रम ठेवू, बागेतल्या खड्ड्यात खत करू, माळीकाका करतो म्हणालेत.

ए-१०१ वहिनी:
ड्रम माझ्याकडे आहे रिकामा, झाकणासकट

सेक्रेटरी:
ठीक आहे. शनिवारी सकाळी दहाला प्लंबर येतोय, उपसायच्या गाडीला पण फोन केलाय. चेंबरचं झाकण सिमेंटने बसवलंय, उघडायला दोन माणसं आणि पहार लागेल. पहार कोणाकडे आहे?

सी-१०३ काका:
आमच्याकडे आहे, मी घेऊन येतो. आणि ताई, रविवारी साडेसहा म्हणजे साडेसहालाच निघणार ना? गमबूट मिळतात का तिथे की घरून आणायचे