युरोपातली हायस्पीड ट्रेन तिकिटं व्हिसाआधी काढावीत की नंतर? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात आम्ही चौघं युरोपला जायचं ठरवतोय. मी, नवरा, आई (६६) आणि बाबा (७१). टूर कंपनीबरोबर जायचं नाही, कारण बाबांना बसमधून नाही तर आगगाडीतून युरोप बघायचाय. ते ३४ वर्षं मध्य रेल्वेत गार्ड होते, त्यातली बरीचशी दौंडला काढली. निवृत्त झाल्यापासून एकच धोशा आहे, "एकदा तीनशेने पळणाऱ्या गाडीत बसायचंय, पुढे तोंड करून, खिडकीशी." गेल्या वर्षी त्यांची अँजिओप्लास्टी झाली, तेव्हापासून मला हे पुढे ढकलायचं नाहीये.

मार्ग साधारण असा: पॅरिसहून टीजीव्ही लिरियाने (फ्रान्स–स्वित्झर्लंडची हायस्पीड गाडी) स्वित्झर्लंडमधलं बाझेल, तिथून गाडी बदलून ल्युसर्न. मग गोट्टहार्ड बोगद्यातून मिलान (५७ किलोमीटरचा, २०१६ साली सुरू झालेला, जगातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा, बाबांच्या यादीत हा आयफेल टॉवरच्या वर आहे). पुढे फ्रेच्यारोसा किंवा इतालो या इटलीतल्या हायस्पीड गाडीने फ्लॉरेन्स, रोम आणि रोमहून परत.

महिनाभर रोज रात्री जेवणं आटपली की लॅपटॉप उघडून बसते. पहिले चार दिवस तर स्टेशनांची नावं समजण्यातच गेली. फ्लॉरेन्स टाइप केलं तर काही ठिकाणी काहीच सापडत नाही, फिरेंझे हे इटालियन नाव लिहावं लागतं, आणि त्यातही सांता मारिया नोव्हेल्ला हे मधल्या वस्तीतलं स्टेशन निवडायचं. ल्योन या दुसऱ्याच शहराला जायचंच नसताना 'गार द ल्यों' का दिसतंय म्हणून मी घाबरले होते, मग कळलं की ते पॅरिसमधलंच स्टेशन आहे आणि आमची गाडी तिथूनच सुटते. नवीन माणसाला हे कोणीतरी आधी सांगायला हवं, म्हणून लिहिलं.

आता मुख्य अडचण. आपल्याकडे बहुतेक गाड्यांचं भाडं आधी काढा नाहीतर शेवटच्या दिवशी काढा, वर्गाप्रमाणे ठरलेलं असतं. तात्काळ घेतलं तरच जास्त. आरक्षण १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी उघडायला लागलं (नोव्हेंबर २०२४ पासून), तेव्हा बाबा हळहळले होते, पण भाड्यात त्याने फरक पडला नाही. तिकडे हायस्पीड गाड्यांचं तिकीट विमानासारखं आहे. स्वस्त जागा मोजक्या, त्या संपल्या की पुढचा दर, आणि जायच्या दिवसापर्यंत दुप्पट-तिप्पट. आणि सगळ्यांत स्वस्त दराला अटी कडक. इटलीत 'सुपर इकॉनॉमी' घेतलं की ना बदल, ना पैसे परत. 'बेस' महाग, पण गाडी सुटण्याआधी बदलता येतं.

आणि आमचा व्हिसा अजून व्हायचाय. शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो आणि निर्णयाला साधारण १५ दिवस, असं नियमात आहे. पण मुंबईतली अपॉइंटमेंट मिळता मिळत नाहीये. जास्त मुक्काम इटलीत म्हणून अर्ज इटलीकडे करतोय. म्हणजे आत्ता तिकिटं काढली आणि चौघांपैकी एकाचा जरी व्हिसा अडकला तर सगळे पैसे पाण्यात. थांबलो तर दर चढणार. दिवसागणिक दर वर जाताना बघून रात्री झोप लागत नाही.

ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगा:

तुम्ही कुठला टप्पा व्हिसाआधी पक्का केलात आणि कुठला नंतर? मला वाटतं, फ्लॉरेन्स–रोमवर दिवसभर गाड्या आहेत आणि २०१२ पासून इतालो ही खासगी कंपनीही स्पर्धेत आहे, म्हणून तिथे थोडं थांबता येईल. पॅरिस–बाझेलवर मात्र दिवसाला मोजक्याच गाड्या. हा हिशेब बरोबर आहे का?

चौघांसाठी शोधलं की स्वस्त दर गायब होतो, दोघांसाठी शोधलं तर दिसतो. दोन-दोन जणांचं वेगवेगळं बुकिंग करावं का? आई-बाबा एका डब्यात आणि आम्ही दुसऱ्यात, असं झालं तर आईला टेन्शन येईल. तिचे गुडघे दुखतात, बॅग वर चढवायला माणूस लागतो.

युरेल पास (युरोपातल्या अनेक देशांच्या गाड्यांना चालणारा एकच पास) घेऊ का? पास असला तरी टीजीव्ही आणि फ्रेच्यारोसाला सीट आरक्षणाचे पैसे वेगळे, हे वाचलंय. आमच्या चार-पाच प्रवासांना तो परवडेल असं वाटत नाही.

नावाचा घोळ. आईच्या पासपोर्टवर नावाच्या खान्यात तिचं आणि बाबांचं नाव एकत्र आहे, आपल्याकडे असतं तसं. बुकिंगच्या फॉर्ममध्ये ते पूर्ण मावत नाही. नुसतं तिचं नाव आणि आडनाव चालेल का? गाडीत तपासनीस पासपोर्ट मागतो का?

आणि पैसे भरण्याचं. कार्डावरचे परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून सुरू करून ठेवलेत. तरी परवा एका साइटवर ओटीपी आला, मी टाकला, चक्र फिरत राहिलं आणि पान कोरं झालं. पैसे कापल्याचा मेसेज आला, तिकीट आलं नाही. तीन दिवसांनी परत जमा झाले. तोवर त्या गाडीचा दर चढला होता. कोणाचं डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड सहज चाललं असेल तर कळवा.

पुढे तोंड करून असलेली सीट आधी निवडता येते का, हे बाबांसाठी. ते म्हणतात, "३४ वर्षं मागच्या डब्यातून मागे पळणारे रूळच बघितले."

आगाऊ आभार.

अपडेट (चार दिवसांनी): किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! खूप खूप धन्यवाद. तुमच्या सांगण्यावरून पॅरिस–बाझेलचं तिकीट काल रात्री काढलं. सर्वांत स्वस्त नाही, थोडे जास्त देऊन बदलता येणारं घेतलं. एकीने लिहिल्याप्रमाणे फोनऐवजी लॅपटॉपवर, ब्राउझरमधलं आपोआप भाषांतर बंद करून, नवऱ्याच्या क्रेडिट कार्डावर. एका फटक्यात झालं. इटलीची तिकिटं व्हिसा हातात आल्यावरच.

सीट पुढे तोंड करूनच मिळेल याची खात्री नसते, अर्ध्या सीट उलट्या असतात, हे बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "चालेल, खिडकी तरी आहे ना?" तिकिटाची पीडीएफ त्यांनी छापून घेतली, डब्याचा आणि सीटचा नंबर लाल पेनाने गोल केला आणि घडी घालून जुन्या ड्युटीच्या डायरीत ठेवली.

अजून एकच विचारते: गार द ल्योंला गाडी कुठल्या फलाटावर लागणार हे अगदी शेवटी कळतं म्हणे. आईला घेऊन नेमकं कुठे थांबावं, जवळ बसायला जागा असते का?