शब्दचर्चा: 'भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप'

बोरू: संविधानाच्या मराठी प्रतीत कलम ३४३ वाचताना अडखळले. राजभाषा देवनागरी लिपीतली हिंदी, इथवर ठीक. पण केंद्राच्या सरकारी कामात अंक कोणते, तर 'भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप'. हे म्हणजे आपले इंग्रजी आकडेच ना? मग सरळ तसं का नाही लिहिलं? आणि लिपी देवनागरी, अंक मात्र वेगळे, हे काय गौडबंगाल?

पाटीपेन्सिल: तेच ते. घड्याळावर असतात ते.

चावडी: गौडबंगाल नाही, घासाघीस आहे. संविधान सभेत भाषेवरून वातावरण पहिल्यापासूनच तापलेलं. डिसेंबर १९४६ मध्येच झाशीचे र. वि. धुळेकर (आडनाव ओळखीचं वाटेल) म्हणाले होते की ज्यांना हिंदुस्थानी येत नाही त्यांना या देशात राहायचा हक्क नाही. पुढे मद्रासचे टी. टी. कृष्णमाचारी यांनी उत्तरेकडच्या सदस्यांना ऐकवलं, अखंड भारत हवा की हिंदी-भारत ते तुम्हीच ठरवा. शेवटी कन्हैयालाल मुन्शी आणि एन. गोपालस्वामी अय्यंगार यांनी मसुदा जुळवला, त्यावर तीन दिवस वादंग झालं आणि १४ सप्टेंबर १९४९ ला तो मंजूर झाला.

सौदा साधारण असा: हिंदीला मान मिळाला, पण 'राष्ट्रभाषा' हा किताब नाही, 'राजभाषा' एवढंच. इंग्रजीला पंधरा वर्षांची मुदत. आणि अंक दक्षिणेच्या मागणीप्रमाणे. तिकडे छपाईत आंतरराष्ट्रीय रूपच आधी रुळलं होतं, नागरी (म्हणजे देवनागरी) अंक म्हणजे आणखी एक ओझं. पुरुषोत्तमदास टंडन यांच्यासारखे हिंदीवाले नागरी अंकांसाठी हट्टाला पेटले होते. त्यांच्यापुढे 'इंग्रजी अंक' हे शब्द ठेवले असते तर मसुदा तिथेच फाटला असता.

म्हणून हे नाव. यात 'भारतीय' हे विशेषण अंकांचं, 'आंतरराष्ट्रीय' हे रूपाचं. अंकांचं मूळ भारतातलं, ते अरबांमार्फत युरोपात गेले, हे खरंच आहे. म्हणजे घेतलं ते परकं नव्हे, आपलंच परत आलेलं. दोन्ही बाजूंना एकेक विशेषण मिळालं. मला तरी हा मसुदालेखनाचा अव्वल नमुना वाटतो.

पाटीपेन्सिल: हिंदी एका मताने जिंकली म्हणतात ती हीच सभा का?

चावडी: सभागृहात तसं मतदान झालंच नाही. काँग्रेस पक्षाच्या बैठकीत ७८ विरुद्ध ७८ आणि फेरमतदानात एका मताचा फरक, असं बाबासाहेबांनी १९५५ मध्ये लिहिलं आहे. काही अभ्यासकांच्या मते ती रस्सीखेच हिंदीवर नव्हती, अंकांवरच होती. तेच जास्त पटतं. हिंदीवर तोवर बरंचसं जमलं होतं, घोडं अडलं होतं आकड्यांपाशी.

खडीसाखर: गंमत बघा. मोटार वाहन नियमांत गाडीच्या पाटीवर 'अरबी अंक' हवेत. संविधानात भारतीय, आरटीओत अरबी, आपल्या तोंडी इंग्रजी! आणि अरब त्यांच्याकडच्या अंकांना 'हिंदी' म्हणतात.

चावडी: म्हणूनच हा शब्द अजून कोर्टात चालतो. २०१६ च्या नव्या नोटांवर देवनागरी आकडे आले, तेव्हा मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठात याचिका झाली. मुद्दा याच कलमाचा. पंधरा वर्षांनंतर देवनागरी अंक वापरायचे तर संसदेने कायदा करायला हवा असं पोटकलम ३ वरून निघतं, तसा कायदा कुठे आहे, असं विचारलं गेलं.

बोरू: मी एका माहितीपत्रकाचं भाषांतर करते आहे. 'इंग्रजी अंक' लिहिलं तर चालेल?

पाटीपेन्सिल: बोलताना चालेल. कलमाचा हवाला देत असाल तर संविधानातली पूर्ण संज्ञाच ठेवा, एरवी 'आंतरराष्ट्रीय अंक' पुरे. आणि 'अंतरराष्ट्रीय' लिहू नका, ते हिंदीतलं. मराठीत 'आंतर'.

खडीसाखर: माहितीपत्रकात पान क्रमांक कोणते टाकताय ते आधी सांगा!

बोरू: मराठी. ग्राहक महापालिका आहे, राज्याच्या कारभाराला कलम ३४३ लागू नाही.