ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: पुस्तकात ८ लिटर, निघालं फक्त साडेतीन

जुनीचारचाकी
चार गिअरची ऑटोमॅटिक, १,४०,००० किमी. ड्रेन प्लग खोलून मोजलं तर ३.५ लिटर तेल आलं. बाकीचं कुठे गेलं? फ्लशिंग मशीन लावू का?

तेलकटहात
गेलं कुठेच नाही. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग), कूलर आणि नळ्यांत बसलंय, ते प्लगमधून उतरत नाही. मशीनच्या भानगडीत पडू नका. साडेतीन काढलं तर साडेतीनच भरा, काही दिवस गाडी चालवा आणि पुन्हा तेच करा. पहिल्या खेपेला जुनं तेल ५६ टक्के उरतं, दुसऱ्या खेपेला ३२, तिसऱ्या खेपेला १८. एकूण साडेदहा लिटर लागेल. ग्रेड पुस्तकात दिलाय तोच घ्या. सीव्हीटीचं, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकचं, तेल चुकूनही नको.

पानादहा
नुसत्या प्लगवर भागवू नका, एकदा पॅन, म्हणजे गिअरबॉक्सखालचा तेलाचा पत्र्याचा ट्रे, उतरवा. फिल्टर बदलताना जुनी ओ-रिंग (रबरी कडी) वर भोकातच चिकटून राहिलेली असते, ती काढा. राहिली तर नवा फिल्टर नीट बसत नाही, पंप हवा ओढतो आणि मग गिअर पडायला उशीर लागतो.

पॅनमधल्या चुंबकावरचा करडा लगदा बोटाने पुसला जात असेल तर ती नेहमीची झीज. टोचणारा कीस दिसला तर मात्र तेल बदलून काही साधणार नाही, बॉक्स खोलावाच लागेल.

पॅनचे बोल्ट समोरासमोरचे, आळीपाळीने आवळा. ६ मिमीच्या बोल्टला साधारण ७ ते १० न्यूटन-मीटर पुरे. जोर लावलात की पत्र्याची कड वाकते आणि तिथून गळत राहतं.

जुनीचारचाकी
भरलं. इंजिन थंड होतं, डिपस्टिकवर (तेल मोजायच्या पट्टीवर) 'हॉट'च्या, म्हणजे गरम तेलाच्या, खुणेपर्यंत आणलं. बरोबर ना?

तेलकटहात
जास्त झालं. तापलं की तेल फुगतं, फिरणारे भाग ते घुसळतात, फेस होतो. फेसाला दाब धरता येत नाही, मग क्लच घसरतात. डिपस्टिकच्या नळीतून बारीक पाइप सोडून सिरिंजने थोडं ओढून घ्या.

मग गाडी सपाट जागेवर, पंधरा-वीस मिनिटं चालवून गरम झालेली. ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक जागी दोन-तीन सेकंद थांबवत फिरवा, पार्कमध्ये आणा आणि इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक बघा.

पानादहा
होंडा असेल तर इंजिन बंद करून, दीड मिनिटाच्या आत. आणि ड्रेन प्लगचा वॉशर तिन्ही खेपांना नवा.