आडत दुकानाचे वेब ॲप: संगणक आणि मोबाइलसाठी दोन स्वतंत्र आवृत्त्या असाव्यात का?

धागाकर्ता

आम्ही कांद्याच्या आडत दुकानासाठी वेब ॲप्लिकेशन लिहीत आहोत आणि संगणकासाठी एक, मोबाइलसाठी दुसरी अशा दोन स्वतंत्र आवृत्त्या कराव्यात, असे माझे ठाम मत झाले आहे. दुकानातले मुनीम हिशोबपट्टी भरताना माउसला हातही लावत नाहीत; वजन, भाव, हमाली, तोलाई, वाराई असे रकाने ते एंटर आणि बाणांच्या कळांनी ओलांडत जातात, आणि आधीच्या पट्ट्याही त्यांना त्याच स्क्रीनवर समोर लागतात. लिलावात ट्रॅक्टरशेजारी उभ्या असलेल्या कारकुनाला मात्र गाडीचा क्रमांक, व्यापाऱ्याचे नाव आणि भाव एवढेच, भर उन्हात, एका अंगठ्याने, पुढची बोली सुरू होण्याआधी नोंदवायचे असते. मुनिमांचा तक्ता अरुंद करून हे काम होणार नाही. शिवाय सीएसएसने, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेने, नुसता लपवलेला तक्ता दिसला नाही, तरी त्याचा कोड फोनवर उतरतोच.

प्रतिसाद १

कामे वेगळी आहेत हे मान्य, पण म्हणून दोन आवृत्त्या लागतात हे मान्य नाही. एका दुकानासाठी आम्ही नेमके हेच केले होते. हमालीचा दर बदलला तेव्हा तो संगणकाच्या आवृत्तीत बदलला, मोबाइलच्या आवृत्तीत राहून गेला, आणि शेतकऱ्याला फोनवर दिसलेली रक्कम व हाती पडलेली पट्टी यांत फरक आला. माल विकून उन्हात थांबलेल्या माणसाला ‘ही आमच्या प्रोग्रॅममधली चूक आहे’ असे सांगण्याची वेळ पुन्हा कोणावर येऊ नये, असे मला मनापासून वाटते.

वेब डिझायनर ईथन मार्कॉट यांनी मे २०१० मध्ये लवचिक रकाने, लवचिक चित्रे आणि मीडिया क्वेरी (स्क्रीनच्या रुंदीनुसार लागू होणारे नियम) यांच्या आधारे ‘रिस्पॉन्सिव्ह’, म्हणजे एकच पान प्रत्येक स्क्रीनला जुळवून घेईल अशी, रचना मांडली, ती याच दुहेरी कामातून सुटण्यासाठी. विकिपीडियाच्या मोबाइल आवृत्तीचा दुवा कोणी फोनवरून पाठवला, की संगणकावरही कित्येक वर्षे मोबाइलचेच पान उघडत असे. कोणती आवृत्ती दाखवायची हे ठरवायला उपकरण ओळखणेही भरवशाचे नाही: २०१९ च्या आयपॅडओएस १३ पासून आयपॅडवरचा सफारी ब्राउझर स्वतःची ओळख मॅक संगणक अशी देतो.

धागाकर्ता

तुमच्याकडे चूक झाली ती दर दोन ठिकाणी लिहिल्यामुळे. आमच्याकडे सगळी आकडेमोड सर्व्हरवर एकदाच होईल आणि दोन्ही आवृत्त्या तिथूनच रक्कम मागवतील. आयपॅडचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. ब्राउझर सांगतो त्या ओळखीवरून आवृत्ती ठरवण्याचा विचार मी सोडून देतो.

प्रतिसाद २

मग आवृत्ती उपकरणावर का ठरवायची? कारकून दुपारी दुकानातल्या संगणकावर बसून सकाळच्या नोंदी तपासणार नाही का? मुनीम गावी असताना मालकाने जुनी पट्टी विचारली, तर त्यांनी ती फोनवर उघडू नये का? ऑनलाइन कपडे विकणाऱ्या मिंत्राने २०१५ मध्ये वेबसाइट बंद करून फक्त ॲप ठेवले आणि २०१६ मध्ये संगणकासाठीची वेबसाइट पुन्हा सुरू केली. गिऱ्हाइकाने कुठे बसून काय वापरावे हे एवढ्या मोठ्या दुकानालाही ठरवता आले नाही. माझ्या मते एकाच ॲपमध्ये ‘लिलाव नोंद’ आणि ‘हिशोबपट्टी’ अशी दोन पाने करावीत, प्रत्येकाचा पत्ता कोणत्याही उपकरणावर उघडावा, आणि ज्या पानाला जो कोड लागतो तेवढाच त्याच्यासोबत उतरावा. कोड जड होण्याची तुमची तक्रार त्यातच मिटते.

प्रतिसाद १

दोन पानांना माझा विरोध नाही. फक्त हिशोबपट्टी फोनवर उघडली, तर शेतकऱ्याला द्यायची निव्वळ रक्कम आडवे सरकवल्याशिवाय दिसली पाहिजे.

धागाकर्ता

हे पटले. आवृत्त्या दोन नकोत, पाने दोन हवीत. पण लिलावाच्या पानात मी तडजोड करणार नाही: नेटवर्क गेले तरी बोली फोनमध्ये साठली पाहिजे आणि गाडी काट्यावर पोहोचण्याआधी ती सर्व्हरवर गेली पाहिजे. तो भाग मी आधी लिहायला घेतो.