कमी दिवसांच्या बाळांसाठी 'घरटं' शिवतेय, मदत हवी आहे

एनआयसीयूमधल्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या), ३७ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांसाठी कापडी घरटं शिवतेय. पोटात चहूबाजूंनी आधार असतो. बाहेर आल्यावर स्नायूंत जोर नसल्याने पाय बेडकासारखे फाकतात. म्हणून कडेने गुंडाळी हवी, पाय टेकतील आणि हात तोंडाशी येतील अशी.

पहिल्या नमुन्यात फायबर भरलं, चार धुण्यांत नुसते गोळे! आता टॉवेलची गुंडाळी केलीय. ती बरी, पण बाहुलीचा पाय जरा दाबला की उलगडते. वेल्क्रोचे आकडे नाजूक कातडीला लागतील, आणि नाड्या तर नकोतच. गुंडाळी पक्की राहील, तरी नर्सला एका हाताने सोडता येईल असं काय लावू?

(हे फक्त मॉनिटर लावलेल्या बाळांसाठी. घरी बाळ पाठीवर, सपाट, मोकळ्या गादीवरच.)